मुलांना त्रास देणारा माणूस कसा वागतो: शिक्षक आणि अंगणवाडी टीचरांचं प्रशिक्षण असं घ्या

शाळेत ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ची तासाभराची बैठक झाली, फोटो काढून वर पाठवले, की बाल संरक्षणाचं काम उरकलं असं बऱ्याच ठिकाणी धरलं जातं. मला हे पटत नाही. सहा वर्षांच्या पोरीला आपण सांगतो, नको वाटलं तर ओरड, पळ, घरी येऊन सांग. आणि ज्याच्यापासून तिनं पळायचं तो तिच्या आईच्या हातचा चहा पीत सोप्यात बसलेला असतो. त्याला तिथं बसवलं आपण मोठ्यांनी. मुलांवर लैंगिक अत्याचार करणारा माणूस मुलाजवळ पोचायच्या आधी मोठ्यांचा विश्वास मिळवतो, म्हणून त्याच्या वागण्याचा अभ्यास मोठ्यांनी करायला हवा. मुलांना शिकवूच, पण पहारा मुलांवर टाकून चालणार नाही.

मी बेळगावात राहते आणि खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात अंगणवाडी टीचर, मराठी-कन्नड शाळांचे शिक्षक, वसतिगृहांचे वॉर्डन, आशा कार्यकर्त्या यांची प्रशिक्षणं घेते. ज्यांना असं प्रशिक्षण आपल्या क्लस्टरमध्ये, आपल्या संस्थेत स्वतः घ्यायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सीआरपी (शाळांच्या क्लस्टरचे मार्गदर्शक) असाल, अंगणवाडी पर्यवेक्षिका असाल, निवृत्त शिक्षक असाल, तरी जमेल. मानसशास्त्राची पदवी लागत नाही. तयारी मात्र भरपूर लागते.

बोलावणं आणि खोली

पंचवीस-तीस माणसांच्या वर गट घेऊ नका. त्यात पुरुष हवेतच. मुख्याध्यापक, पीटी सर, व्हॅनचा ड्रायव्हर, स्वयंपाकघरातल्या अक्का, एसडीएमसीचे (शाळेच्या विकास आणि देखरेख समितीचे) एक-दोन सदस्य, जमल्यास पीडीओ (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी). ‘बायकांची मीटिंग आहे’ असं म्हणून पुरुष बाहेर थांबले, तर मी कार्यक्रम सुरू करत नाही, आधी त्यांना आत बोलावते. यल्लम्माच्या यात्रेचे दिवस आणि पेरणीचा आठवडा टाळा, नाहीतर अर्धी माणसं दुपारीच उठतात.

भाषेचं आधीच ठरवा. आपल्याकडे एकाच बाकावर मराठी शाळेची बाई आणि कन्नड शाळेचे मास्तर बसतात. फळ्यावरचा प्रत्येक मथळा दोन्ही भाषांत लिहा, आणि गटचर्चेत ज्याला जी भाषा येते त्यात बोलू द्या. अवघड विषय माणूस आपल्याच भाषेत बोलतो.

आता दोन गोष्टी, ज्या बहुतेक प्रशिक्षक विसरतात.

पहिली म्हणजे, खोलीत ज्यांच्यावर लहानपणी असं काही झालेलं आहे अशी माणसं असणारच. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. हा आकडा डोक्यात ठेवून समोरच्या तीस चेहऱ्यांकडे बघा. शेजारी एक रिकामी खोली आणि तिथं समुपदेशन जाणणारी एक व्यक्ती ठेवा. सुरुवातीलाच सांगा: कुणीही, कधीही, कारण न देता उठून बाहेर जाऊ शकतं, आणि स्वतःचा अनुभव इथं गटात कुणी कुणाला विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर शेजारची खोली आहे.

दुसरी गोष्ट याहून कठीण. खोलीत असं कृत्य केलेला माणूसही असू शकतो. हे धरूनच बोला. मी अत्याचाराचं वर्णन करत नाही, कोण कसा निसटला याच्या गोष्टी सांगत नाही, आणि कुणी सांगू लागलं तर थांबवते. दिवसभर बोलायचं ते राखणाऱ्याच्या बाजूनं. त्या माणसाला इथून एकच गोष्ट कळावी, की या शाळेतली माणसं आता बघतात, विचारतात आणि कळवतात.

आसपासचं खरं प्रकरण उदाहरण म्हणून वापरू नका. पीडित मुलाची ओळख उघड करायला पोक्सो कायद्यात (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात) मनाई आहेच. शिवाय आपल्या भागात ‘अमुक गावच्या शाळेतलं’ एवढं म्हटलं तरी चहाच्या सुट्टीत आडनाव निघतं.

पहिला तास: चेहरा पुसायचा

प्रत्येकाला कोरा कागद द्या. नाव लिहायचं नाही. ‘मुलांवर अत्याचार करणारा माणूस’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं ते चार ओळींत लिहायला सांगा. कागद गोळा करून मोठ्यानं वाचा. दारुडा, वेडसर, बाहेरगावचा, ऊसतोड टोळीतला, वीटभट्टीवरचा, गवंडीकामाला आलेला परप्रांतीय. हेच येतं.

मग फळ्यावर लिहा: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत पोक्सोखाली नोंदवलेल्या बलात्काराच्या प्रकरणांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, कुटुंबाचा मित्र, शिकवणारा, कामावरचा. हा आकडा लिहून एक मिनिट गप्प बसा. लगेच समजावून सांगायची घाई करू नका.

परक्यावर संशय घेण्यात आपली एक सोय असते, घरातल्याकडे बघावं लागत नाही. हंगामात फडाजवळ खोप्यांमध्ये राहणारी टोळी गावाला धोकादायक वाटते. खरं तर त्या खोप्यांतली मुलंच सगळ्यात उघडी असतात: आईबाप पहाटे फडात, पोरं खोपीत, शाळा तुटलेली, आणि गावातलं कुणीही तिथं सहज जाऊ शकतं. हे मी प्रत्येक वेळी ठासून सांगते, कारण आपला संशय दुबळ्यावर जातो आणि वजनदार माणूस त्यातून सुटतो.

याच तासात आणखी तीन गोष्टी झटपट सांगून टाका. असं करणाऱ्या प्रत्येकाला लहान मुलांचंच आकर्षण असतं असं नाही. कित्येकांची लग्नं झालेली असतात, मुलंबाळं असतात, आणि सत्ता, राग, हाताशी सापडणारं दुबळं मूल ही कारणं असतात. स्त्रियाही असं करतात, प्रमाण कमी असलं तरी. आणि बरेच जण स्वतःच अल्पवयीन असतात, त्यावर पुढे बोलू.

फळ्यावरचे चार चौकोन

प्रशिक्षणाचा कणा इथं आहे, त्याला दीड तास द्या. डेव्हिड फिंकेलहॉर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये सांगितलं की असा गुन्हा घडायला चार अडथळे पार व्हावे लागतात. फळ्यावर शेजारी शेजारी चार चौकोन काढा.

पहिल्या चौकोनात लिहा ‘इच्छा’. त्या माणसाच्या मनात ती असावी लागते.

दुसऱ्यात ‘मनातला अडसर’. आपण करतोय ते वाईट आहे ही टोचणी, कायद्याची भीती, अब्रूची भीती. हा अडसर तो स्वतःच स्वतःशी बोलून खाली पाडतो: ‘तिला काय कळतंय’, ‘मी तर माया करतो’, ‘त्यानं कुठं नको म्हटलं’. दारू याच चौकोनात येते. लोक म्हणतात, ‘पिऊन होता म्हणून झालं.’ दारूनं अडसर सैल होतो, इच्छा दारूतून येत नाही. पिणाऱ्या हजारो माणसांच्या हातून असं होत नाही, एवढं म्हटलं की गटाला पटतं.

तिसऱ्यात ‘बाहेरचा अडसर’. आई, आजी, शेजारीण, वर्गाची उघडी खिडकी, संडासाच्या वाटेवरचा दिवा, शाळेचा नियम, विचारणारं माणूस.

चौथ्यात ‘मुलाचा विरोध’.

आता गटाला विचारा: यातल्या कुठल्या चौकोनात तुम्ही येत्या सोमवारपासून काही करू शकता? थोडा वेळ चौथ्याचंच नाव निघतं, कारण आजवर तेच शिकवलं गेलंय. मग कुणीतरी म्हणतं, ‘तिसरा.’ तिथं खडूनं जाड गोल करा. मुलाचा विरोध ही शेवटची भिंत आहे आणि ती सगळ्यात बुटकी आहे, म्हणून तिसरी आपण उंच करायची.

इथं एक धोका असतो. तिसऱ्या चौकोनाबद्दल बोलता बोलता गट आईवर घसरतो. ‘आईचं लक्ष नव्हतं.’ ‘रोजगाराला जाते, पोरगी एकटी.’ हे तिथंच थांबवा. गुन्हा पहिल्या आणि दुसऱ्या चौकोनातला आहे आणि तो सर्वस्वी करणाऱ्याचा आहे. दिवसभर दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाणाऱ्या बाईकडे राखणीला माणूस नसतं, हा तिचा दोष नाही. तिथं अंगणवाडीची वेळ, शेजारधर्म, शाळेनंतरची सोय या गोष्टी उभ्या कराव्या लागतात.

‘मामा’ची गोष्ट

दुपारच्या जेवणानंतर हा खेळ घ्या. गोष्ट मी रचलेली आहे, कुठल्या गावची नाही, हे आधी सांगा. तुम्हीही आपापल्या भागासाठी अशी रचून घ्या.

खानापूर तालुक्यातलं एक घर. वडील गोव्यात कामाला, महिन्यातून दोनदा येतात. आई रोजंदारीवर. घरात आजी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मी मुद्दाम मुलगा घेते, मुलगी घेत नाही.

पहिला तुकडा वाचायचा. गावातला एक माणूस, सगळे त्याला मामा म्हणतात. रेशन आणून देतो. आजीचं बीपीचं औषध खानापुरातून आणतो. लाईट बिल भरतो. विचारा, कसा माणूस? सगळे म्हणतात, चांगला. बरोबर आहे, एवढ्यावर दुसरं काही म्हणताच येत नाही. फळ्यावर ‘चांगला’ लिहा आणि पुसू नका.

दुसरा तुकडा. मामा मुलाला क्रिकेटच्या सरावाला मोटारसायकलवरून नेतो. त्या गल्लीतली आणखी तीन मुलं खेळतात, पण नेतो ह्यालाच. बूट घेऊन देतो. आईला म्हणतो, ‘पोरगं हुशार आहे वहिनी, तुम्हाला वेळ नाही, माझ्यावर सोडा.’

तिसरा तुकडा. सराव संपायची वेळ सहाची, पण मूल साडेसातला यायला लागतं. त्याच्या दप्तरात जुना मोबाईल सापडतो. ‘मामांनी दिलाय, कुणाला सांगू नको म्हणालेत.’ आई मामाला विचारते. मामा दुखावतो. ‘एवढं करून माझ्यावर विश्वास नाही?’ चार दिवस येत नाही. आजीचं औषध संपतं. आजी सुनेला बोल लावते.

गोष्ट इथंच थांबवा. चौथा तुकडा नाही. गट विचारतो, पुढं काय झालं? सांगा, काहीही झालेलं नाही, आणि होऊ नये म्हणूनच आपण इथं बसलोय.

आता प्रत्येक गटाला गोष्टीचा कागद द्या आणि लाल पेननं खूण करायला लावा: कुठल्या ओळीवर मोठ्या माणसानं प्रश्न विचारायला हवा होता? पहिल्या फेरीत बहुतेक जण मोबाईलवर खूण करतात. परत वाचायला लावा. मग ‘ह्यालाच’ या शब्दावर खूण येते. मग ‘माझ्यावर सोडा’वर. शेवटी बायका त्या चार दिवसांच्या रुसव्यावर बोट ठेवतात, आणि मग खोलीतलं बोलणं बदलतं. एका प्रशिक्षणात मागच्या बाकावरच्या एक अंगणवाडी टीचर हळूच म्हणाल्या, ‘औषध बंद केलं की ओ त्यानं, तिथंच कळायला पाहिजे होतं.’

त्यांनी नेमकं सांगितलं. मदतीवरून काही ओळखता येत नाही, कारण भल्या माणसाची मदत आणि दुसऱ्या हेतूची मदत सारखीच दिसते. ओळख पटते ती तुम्ही मर्यादा घातल्यावर. आईनं म्हणावं, ‘उद्यापासून शेजारची दोन पोरंही बरोबर न्या, आणि सव्वासहाला घरात पाहिजे.’ भला माणूस म्हणतो, ‘बरं.’ औषध आणायचं तो थांबवत नाही. दुसऱ्या हेतूचा माणूस रुसतो, उपकार मोजून दाखवतो, तिसऱ्याच्या तोंडून दबाव आणतो, किंवा ‘आजच्या दिवस’ म्हणत नियम वाकवतो आणि मुलाला गप्प राहायला सांगतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

इथं कुणीतरी उठून विचारतंच, ‘मग मदत करणाऱ्या प्रत्येकावर संशयच घ्यायचा काय ओ मॅडम?’ या प्रश्नाला टाळू नका, तो प्रामाणिक असतो. माझं उत्तर असं: संशय कुणावरच घ्यायचा नाही, नियम सगळ्यांना लावायचा. रुसवा हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे आणि त्यावरून गावात कुणाचं नाव घ्यायचं नाही. पण मर्यादा घालायला पुरावा लागत नाही. आई म्हणून, टीचर म्हणून तुम्हाला ती कधीही घालता येते.

गोष्ट संपली की बाकीच्या खुणा गटाकडूनच काढून घ्या. एकाच मुलाला वेगळं काढून लाडावणं. मुलानं नको म्हटल्यावरही गुदगुल्या, मांडीवर घेणं, मुका घेणं, आणि मोठ्यांसमोर ते करून सगळ्यांना सवय लावणं. मुलाशी अश्लील विनोद. ‘तुझ्या आईला काही कळत नाही’ असं म्हणून घरापासून तोडणं. गुपितं. रात्री उशिरा मुलाला मेसेज. ऑनलाईन खेळात ओळख काढून फोटो मागणारा अनोळखी माणूसही याच वाटेनं येतो: आधी कौतुक, मग गुपित, मग धमकी. फक्त त्याला सोप्यात बसावं लागत नाही.

मूल गप्प का राहतं, हेही याच गोष्टीतून उलगडतं. बूट घेतलेत, मोबाईल लपवलाय, आजी आधीच चिडलीय, वडिलांना कळलं तर गोव्याहून येऊन मारतील. मुलाला वाटतं चूक आपलीच. कित्येक मुलं वर्षानुवर्षं बोलत नाहीत, आणि बोलली तरी एकदा सांगून पुन्हा ‘काही नाही झालं’ म्हणतात. म्हणून उशिरा सांगितलं किंवा शब्द फिरवला याचा अर्थ खोटं असा लावायचा नाही.

शाळेचे नियम तिथंच लिहून घ्या

चर्चा हवेत विरते, म्हणून कागदावर उतरवा. प्रत्येक शाळेनं, अंगणवाडीनं, वसतिगृहानं बसल्या जागी आपले नियम लिहायचे. मूल आणि एक मोठा माणूस बंद दाराआड एकटे बसणार नाहीत. जादा तास घ्यायचा तर दार उघडं आणि दुसरं कुणीतरी दिसेल अशा जागी. स्टोअररूमची आणि लॅबची किल्ली कुणाकडे, याची वही. सहलीत, गॅदरिंगच्या तयारीत, खेळाच्या स्पर्धांना बाहेरगावी जाताना मुलींसोबत शिक्षिका, आणि मुलग्यांसोबतही दोन मोठी माणसं. शिक्षकानं मुलाला खासगी मेसेज करायचा नाही, पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. वसतिगृहात रात्री कोण कुठल्या खोलीत जाऊ शकतो हे भिंतीवर लिहिलेलं.

पोक्सो नियम २०२० प्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेनं कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी ठरावीक काळानं करायला हवी. कायम असो वा कंत्राटी, शिकवणारा असो वा ड्रायव्हर. ती करा, पण त्यावर विसंबू नका: ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झालेली नाही त्याची पडताळणी स्वच्छच येते. रोजचे नियम जास्त कामाचे.

आरोपी स्वतःच मूल असेल तेव्हा

अमेरिकेतल्या पोलिस नोंदींवरच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांतले एक तृतीयांशाहून जास्त आरोपी अठरा वर्षांखालचे होते. आपल्याकडच्या शिक्षकांना हे ऐकून धक्का बसतो, आणि मग दोन टोकं दिसतात. एक, ‘पोरंच आहेत, खेळत होती.’ दुसरं, ‘असल्याला शाळेतून काढा.’ दोन्ही नकोत. वयात मोठा फरक, जबरदस्ती, धमकी, लपवाछपवी असेल तर तो खेळ नव्हे, कळवावंच लागतं. पुढचं बाल न्याय कायद्याखाली होतं. पण चौदा वर्षांच्या पोराला जन्माचा गुन्हेगार ठरवू नका. त्याच्यावरही कुणी काही केलंय का, त्यानं काय पाहिलंय, त्याला कोण समजावणार, हे बाल न्याय मंडळापुढे यायला हवं. वेळेत मदत मिळालेली बहुतेक मुलं पुन्हा तसं करत नाहीत.

मूल सांगतं तेव्हा

हा भाग बोलून शिकवता येत नाही, करून घ्यावा लागतो. दोघादोघांच्या जोड्या लावा. एकानं मूल व्हायचं, पण घटना सांगायची नाही, फक्त एवढंच म्हणायचं: ‘टीचर, मला त्यांच्याकडे शिकवणीला जायचं नाही.’ दुसऱ्यानं ऐकायचं.

जवळजवळ सगळे विचारतात, ‘का गं? काय केलं त्यांनी? खरं सांग हं.’ तिथं थांबवून परत करून घ्या. बसायचं मुलाच्या उंचीला. ‘बरं झालं मला सांगितलंस. तुझं काही चुकलं नाही. अजून काही सांगावंसं वाटतंय का?’ एवढंच. ‘का’ विचारायचं नाही, उत्तर सुचवणारा प्रश्न घालायचा नाही, खोदून काढायचं नाही. चौकशीचं काम पोलिसांचं आहे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. म्हणा, ‘तुला मदत करू शकतील अशा माणसांना मी सांगणार आहे.’ मूल गेलं की लगेच त्याचेच शब्द, त्याच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहा. तारीख, वेळ, सही.

ज्याचं नाव आलं त्याला बोलावून जाब विचारू नका. पंच बसवू नका. सीमाभागात अजून गावात बसून ‘मिटवायची’ रीत आहे: पैसे, माफी, कधी कधी लग्नाची बोलणी. तोवर मुलावर दबाव येतो, कपडे धुतले जातात, साक्षीदार फिरतात. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं, किंवा तसं घडण्याची शक्यता वाटली, त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवायचं असतं. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे. खोटी तक्रार जाणूनबुजून करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे, मुलाला नाही. हे चारही मुद्दे मुख्याध्यापकांना सावकाश सांगा; त्यांची भीती खरी असते आणि माहितीनं ती बरीच उतरते.

१०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) ला फोन करा, किंवा सरळ ठाण्यात जा. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. घटना ताजी असेल तर मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा, आणि सिव्हिलला न्या. तक्रार नोंदवली गेली नसली तरी वैद्यकीय तपासणी होऊ शकते, आणि मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनंच करायची असते.

आता आपल्या भागाच्या दोन अडचणी. मूल महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलं, घटना मामाच्या गावी बेळगाव तालुक्यात, आणि दोन्हीकडचे लोक म्हणतात, ‘तिकडं जा.’ जाऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, घटना कुठल्याही हद्दीतली असो, समोरच्या ठाण्यानं ती नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. कर्नाटक असो वा महाराष्ट्र, पोक्सो एकच आहे. त्या संहितेचं कलम १७३ हा आकडा लिहून खिशात ठेवा, ठाण्यात उपयोगी पडतो.

दुसरी अडचण भाषेची. मूल मराठी, जबाब कन्नडमध्ये. मुलाला कळत नसेल तर दुभाषी देण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि जबाब मूल बोलतं तसाच नोंदवायचा आहे. हे नम्रपणे मागून घ्या. पोलिस गणवेशात नसावेत, शक्यतो फौजदार दर्जाची महिला अधिकारी असावी, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं व्हावा, आणि विश्वासाचं माणूस शेजारी असावं. सहाय्यक व्यक्ती मिळावी म्हणून बालकल्याण समितीला विचारा. कोर्टाच्या तारखांपर्यंत ती मुलासोबत असते.

ज्याला स्वतःच्या मनाची भीती वाटते

हा भाग काही प्रशिक्षक गाळतात. मी गाळत नाही. ज्यानं अजून काही केलेलं नाही पण ज्याच्या मनात मुलांबद्दल तसले विचार येतात, त्याला आज मदत मिळाली तर उद्याचं एक मूल वाचतं. बर्लिनच्या शारिते रुग्णालयानं २००५ पासून अशा माणसांसाठी गोपनीय उपचार चालवले आहेत. आपल्याकडे टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीत आणि कन्नडमध्ये चालतो, आणि धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. फळ्याच्या कोपऱ्यात हे लिहून दिवसभर राहू द्या, कुणाकडे न बघता एकदाच वाचून दाखवा. ज्यानं कृत्य केलंय त्याच्यासाठी मात्र समुपदेशन हा पोलिसांना पर्याय नाही, हेही त्याच दमात सांगा.

नंतर

दिवस संपताना कुणाला घाईनं पांगवू नका. अर्धा तास चहा ठेवा आणि शेजारची खोली उघडी ठेवा. बोलणारी माणसं तेव्हाच येतात. तुम्ही स्वतःही कुणाशी तरी बोला, हा विषय अंगात राहतो.

तीन महिन्यांनी शाळेत परत जायची तारीख त्याच दिवशी ठरवून मुख्याध्यापकांच्या डायरीत लिहून घ्या. गेल्यावर अहवाल मागू नका. स्टोअररूमच्या किल्लीची वही बघा, १०९८ चा फलक मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला आणि दोन्ही भाषांत आहे का बघा, नव्या ड्रायव्हरला नियम कुणी सांगितले ते विचारा. गावात मुलांची ग्रामसभा होणार असेल तर शाळेनंतर कुठं एकटं वाटतं हे मुलांना तिथं सांगता यावं, अशी विनंती पीडीओंकडे लेखी द्या, आणि अर्जाची पोच घ्या.